आत्याचा उभा फोटो

चिमणीला कोटवाल्या बाईंचं वेड लागलं ते भलत्याच वयात. पोरं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली होती, गुडघे कुरकुरायला लागले होते, आणि वडिलांच्या मागे हाती आलेला फोटो स्टुडिओ पासपोर्टचे फोटो, शाळांची ओळखपत्रं आणि लग्नाचे अल्बम यांवर बरा चालला होता. या वयात शहाणी माणसं गुडघ्यांना तेल लावून गप्प बसतात. चिमणीनं एक जाडजूड पुस्तक विकत आणलं आणि ती बिघडली.

बिघडली हा शब्द तिच्या नवऱ्याचा. तो स्टुडिओचं काउंटर सांभाळायचा, लोकांचे चेहरे कपांवर आणि उशांवर छापून द्यायचा, आणि बायकोच्या कलेकडे लांबून कौतुकानं बघायचा. लांबूनच, कारण जवळ गेलं की काहीतरी उचलायला लागायचं.

तर पुस्तक होतं एका जगप्रसिद्ध फोटोवाल्या बाईंचं. त्यांचं खरं नाव पुस्तकावर चांगलं ठसठशीत छापलं होतं, पण या घरात त्या पहिल्या दिवसापासून कोटवाल्या बाई झाल्या. त्या तीन पायांवर उभा राहणारा मोठा लाकडी कॅमेरा वापरायच्या, आणि त्याच्यामागे डोकं घालताना काळं कापड पांघरण्याऐवजी आपला अंगावरचा कोटच डोक्यावरून ओढून घ्यायच्या. मोठमोठे लोक त्यांच्याकडून फोटो काढून घ्यायला टपलेले असत आणि बाई त्यांना वाटेला लावत. त्यांना हवी असायची ती निराळी माणसं, रस्त्यात दिसली की लोक वळून बघतात किंवा मुद्दाम बघायचं टाळतात अशी. अंगभर केस असलेला सुतार. तुळतुळीत डोक्याची गायिका. कोंबड्याला काखेत मारून कोर्टात जाणारा वकील.

ही माणसं पुस्तकात डोक्यापासून पायापर्यंत उभी होती. कुणी हसत नव्हतं, कुणी केविलवाणं दिसत नव्हतं. बाई दिवसाच्या उजेडातच फोटो काढायच्या आणि त्याआधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायच्या, तुम्हाला कुठं उभं राहायला आवडेल? मग तो माणूस जिथं नेईल तिथं कॅमेऱ्याचं ते धूड उचलून जायच्या. एकजण त्यांना आपल्या कोळशाच्या कोठारात घेऊन गेला होता म्हणे, तरी गेल्या.

चिमणीनं आयुष्यभर लोकांचे तीळ पुसले होते, टकलावर केस उगवले होते, सावळ्यांना गोरं केलं होतं. इथं कुणाचं काहीच पुसलेलं नव्हतं आणि तरी नजर हलत नव्हती. त्या सुताराकडे बघताना तिला आधी बाईंचा हेवा वाटला, मग सुताराविषयी आदर वाटला, आणि मग उगीचच भरून आलं. तिनं ठरवलं, आपणही असेच फोटो काढायचे. अगदी असेच.

वडिलांचा जुना लाकडी कॅमेरा माळ्यावर होता. तो नवऱ्यानं उतरवला, अर्थात कुरकुरत. डोक्यावर घ्यायला नवऱ्याचाच जुना काळा कोट मिळाला. "कोट माझा, कॅमेरा सासऱ्यांचा, कल्पना त्या बाईंची," तो म्हणाला. "यात तुझं काय गं?" चिमणीचं डोकं तेव्हा कोटात होतं, त्यामुळे तिचं उत्तर नीट ऐकू आलं नाही, आणि तेच बरं झालं.

सुरुवात झाली सूटवाल्या आजींपासून. या आजी नवरा गेल्यापासून त्याचेच सूट घालून हिंडायच्या. बाह्या कापून घेतलेल्या, टाय मात्र कडक. चिमणीनं त्यांना उभं केलं आणि कोटवाल्या बाईंचं नाव घेऊन फोटो काढला. आजींनी तो हातात घेतला, चष्म्यातून पाहिला, चष्म्यावरून पाहिला, आणि विचारलं, "मी कुठं परदेशी चाललेय का?"

खोटं नव्हतं ते. फोटो सरळ सरळ पासपोर्टचा दिसत होता. चिमणीच्या तोंडात इतक्या वर्षांचं बसलेलं होतं, हनुवटी जरा खाली, खांदे सैल, इकडे बघा. वेगळं काही करायला निघालेली ही बाई आजींना तेच ऐकवून मोकळी झाली होती. अंगात मुरलेला धंदा असा कोट पांघरून झाकला जात नाही, हे तिला त्या दिवशी कळलं. तरीही, पुढं दिसेलच, पुरतं कळलं नव्हतं.

पुढच्या वेळी तिनं तोंड बंद ठेवायचं ठरवलं आणि फक्त बाईंचा प्रश्न विचारला. हा प्रश्न गेला चावीवाल्याकडे. चावीवाल्यानं स्वतःच्या हातानं स्वतःचं तोंड गोंदून घेतलं होतं, गाल, कपाळ, नाकाचा शेंडा, काही म्हणता काही सोडलं नव्हतं. लहान मुलं त्याला बघून आईच्या मागे लपायची आणि आया मुलांच्या मागे. तो म्हणाला, मी चाव्यांच्या भिंतीला पाठ लावून उभा राहीन, पण डोळे मिटून. चिमणीला वाटलं, लाजतोय. त्यानं डोळे मिटले तेव्हा दिसलं, पापण्यांवरही गोंदलेलं होतं, बारीक आणि सुरेख, दोन्हीकडे एकेक पाखरू. ते आजवर कुणी पाहिलं नव्हतं, कारण त्याला डोळे मिटायला कुणी कधी वेळच दिला नव्हता. तो फोटो असा आला की चिमणीनं भर दुकानात नवऱ्याला मिठी मारली आणि गिऱ्हाईक ओशाळून बाहेर जाऊन उभं राहिलं.

पण हे सगळं हात बसवणं होतं. तिला फोटो काढायचा होता तो आत्याचा.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. उंच. उंच म्हणजे आपण म्हणतो तशी नाही, तर शहरातल्या झाडून सगळ्या चौकटींना जिचं कपाळ ठाऊक आहे अशी. तिचे बूट पुरुषांच्या दुकानातून यायचे, पलंग सुताराकडून करून घेतलेला होता, आणि बसमध्ये ती मान तिरकी करून उभी राहायची. लोक तोंडात बोट घालून बघायचे. ती मात्र कुणाशीही बोलताना कमरेत वाकायची, समोरच्याला वर बघायला लागू नये म्हणून. असं वाकून वाकून बोलणारं माणूस चिमणीनं दुसरं पाहिलं नव्हतं, आणि इतक्या मनापासून ऐकणारंही.

आत्या एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथं धुतल्या जायच्या आणि मागच्या अंगणात वाळत पडायच्या. ती कामाला लागली तेव्हा मालकानं अंगणातल्या दोऱ्या तिच्या मापानं वर चढवून घेतल्या, कारण उंच दोरीवर लांब चादर जमिनीला लागत नाही आणि वारं चांगलं मिळतं. बाकीच्या बायका तिथं खोक्यावर चढून काम करायच्या. सगळ्या शहरात आत्याच्या मापाचं असं तेवढं एकच ठिकाण होतं.

आणि आता तेही जायचं होतं. आत्याची पाठ वाकत चालली होती. डॉक्टर म्हणाले, जन्मभर वाकून वागलात, आता हाडांनी तेच घेतलंय, पट्टा लावा, वजन उचलू नका, ताठ होणं आता दिवसेंदिवस अवघड जाईल. महिनाअखेरीला ती काम सोडणार होती. तिच्यामागे खोक्याशिवाय त्या दोऱ्यांना हात पोचणारं कुणी नव्हतं, तेव्हा मालक दोऱ्या खाली घेणार होता. चिमणीच्या जिवाला घोर लागला तो याचा. "आत्या एकदा वाकली की वाकली," ती नवऱ्याला म्हणाली. "मग ती कशी होती हे कुणाला सांगूनही पटणार नाही. एक फोटो नाही हो तिचा."

फोटो होते तसे. पण घरातल्या प्रत्येक फोटोत आत्या बसलेली होती. चिमणीचे वडील फोटोवाले, आणि त्यांचा स्टुडिओ म्हणजे बोळ होता नुसता. मागे रंगवलेला बगीच्याचा पडदा, पुढं कॅमेरा, आणि कॅमेऱ्याच्या पाठीला लगेच काउंटर. आत्या उभी राहिली की तिचं डोकं बगीच्याच्या वर निघून थेट पडद्याच्या दांडीला टेकायचं. वडील म्हणायचे, तू बस गं. ती बसायची. बाकीचे उभे. असे किती फोटो, आणि एकातही कळत नाही की ही बाई कोण आहे.

त्यातला एक फोटो लग्नासाठी एका घरी गेला. फोटोतली मुलगी त्यांना आवडली, माणसं भेटायला आली. आत्या खुर्चीत बसलेली होती तोवर सगळं गोड होतं. मग ती त्यांना काहीतरी द्यायला उठली, आणि पाठोपाठ पाहुणेही उठले, ते थेट दाराबाहेर. आत्यानं त्या दिवशी कानाला खडा लावला. फोटो बंद. चिमणीच्या लग्नात ऐन वेळी दिव्याचा स्टँड मोडला, तेव्हा आत्यानं हात वर करून दिवा धरला तो शेवटचा पाहुणा जाईपर्यंत. त्या अल्बममध्ये ती कुठंच नाही, पण प्रत्येक चेहऱ्यावर उजेड तिचा आहे.

तर अशा बाईला फोटोसाठी विचारायचं होतं. चिमणीनं विचारलं. आत्या वाकली, तिच्या गालाला हात लावून नाही म्हणाली आणि विषय बदलला. चिमणीनं पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. शेवटी तिनं वाद घालायचं सोडून ते जाडजूड पुस्तक आत्याकडे नुसतं ठेवून दिलं आणि ती निघून आली.

सुट्टीच्या दिवशी दुपारी दारातून आधी एक खांदा आत आला, मग वाकलेली मान, मग आत्या. केस धुतलेले, ठेवणीतले कपडे, काखेत पुस्तक. स्टुडिओत दोन-तीन गिऱ्हाइकं पासपोर्टच्या फोटोसाठी खोळंबली होती, त्यांनी माना वर केल्या त्या केल्याच. आत्यानं पुस्तक काउंटरवर ठेवलं. "या बाईंपुढं मीसुद्धा उभी राहिले असते," ती म्हणाली. "त्या तर नाहीत. तू आहेस. काढ."

चिमणीची धांदल उडाली. इतके दिवस ज्याची वाट बघितली ते अचानक दारात आलं की असंच होतं. तिनं गिऱ्हाइकांना थांबवलं, बगीचा खाली सोडला, कॅमेरा लावला, कोटात शिरली. अशा कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर चित्र उलटं पडतं, पाय वर, डोकं खाली. आत्याचे पाय दिसत होते, हात दिसत होते, डोकं मात्र काचेच्या बाहेर गेलं होतं. चिमणी मागे सरकली तर पाठीला काउंटर. कॅमेरा उचलून, वाकवून पाहिला, डोकं येईना. गिऱ्हाईक खाकरलं. आणि कोटातून चिमणीचा हात बाहेर आला, त्यानं कडेची खुर्ची दाखवली, आणि कोटातूनच आवाज आला, "आत्या, जरा बसून घे ना."

आत्या बसली.

फोटो निघाला. आत्यानं, बरं झालं एकदाचं, असं काहीतरी म्हटलं, चौकटीखालून वाकून बाहेर पडली आणि गेली. चिमणी खुशीत होती. ज्या बाईला एवढं मनवलं तिचा फोटो निघाला याच आनंदात तिनं पुढचे पासपोर्ट उरकले. आपण काय बोललो याची तिला गंधवार्ताही नव्हती.

कळलं ते मागच्या अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, ट्रेमधल्या कागदावर चित्र हळूहळू वर आलं तेव्हा. आधी खुर्चीचे हात आले. मग मांडीवर एकमेकांत गुंतवलेली बोटं. मग खांदे, मग चेहरा, शांत आणि समजूतदार. हा फोटो तिनं आधी पाहिला होता. याच खुर्चीत, याच पडद्यापुढं, अशीच बोटं गुंतवून बसलेली आत्या वडिलांच्या अल्बमात होती, फक्त केस काळे होते. चिमणीनं तो अल्बम आणून शेजारी धरला. बाप आणि लेक, दोघांचे फोटो शेजारी शेजारी, आणि कुठला कुणी काढला हे सांगायला केसच बघायला लागावेत.

तिला एकेक आठवत गेलं. चावीवाल्याला विचारलं, दुसऱ्या खेपेला सूटवाल्या आजींनाही विचारलं, कुठं उभं राहायला आवडेल. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिलाच तेवढं विचारलं नाही. उलट बस म्हणाले. काउंटर सरकवता आलं असतं. दार उघडून कॅमेरा रस्त्यावर नेता आला असता. तिथून आत्या पायांसकट मावली असती, पण हे सुचलंच नाही, कारण न मावणाऱ्या माणसाला बसवायचं, हे या दुकानात भिंतींच्याही अंगवळणी पडलं होतं. नवऱ्यानं दारातून दोन्ही फोटो पाहिले. एरवी जिभेला हाड नसलेला माणूस, पण त्या दिवशी त्यानं नुसता चहा करून आणला.

दुसऱ्या दिवशी ती लाँड्रीत गेली. आत्या वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. चादरीची घडी एकट्यानं होत नाही, म्हणून चिमणीनं दुसरं टोक धरलं. एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला चिमणी, त्यामुळे चादर घसरगुंडीसारखी तिरकी झाली आणि पलीकडच्या बायका तोंडाला पदर नाही तर हातातले टॉवेल लावून हसल्या. आत्याही हसली. चिमणीला हसू येईना.

"मी तुला बस म्हणाले," ती म्हणाली.

"हो, म्हणालीस."

"राग आला असेल तुला."

आत्यानं घडी पुरी करून बाजूला ठेवली आणि दुसरी चादर घेतली. राग नाही आला, ती म्हणाली. "मला कुणी ढकलून नाही बसवलं, चिमणे. बस म्हणायची सवय तुम्हाला, बसायची सवय मला. वाईट एवढंच वाटलं की त्या पुस्तकातली माणसं बघून मी घरून अगदी ताठ चालत आले होते. रस्ताभर. पाठ दुखत होती तरी."

चिमणीच्या हातातलं टोक सुटलं. रस्त्यानं ताठ चालत येणारी आत्या तिनं जन्मात पाहिली नव्हती, आणि त्या दिवशी दार लागलं तिथं ती पुन्हा वाकली होती. चिमणीला स्वतःची इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मग तिनं जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं, "आत्या, तुला कुठं उभं राहायला आवडेल?"

घड्या होत राहिल्या. चिमणीनं या खेपेला तोंड बंद ठेवलं, ही त्या दिवसातली तिची सगळ्यात मोठी कामगिरी म्हणायला हवी. शेवटी आत्यानं मागच्या अंगणाकडे मान वळवली. "दोऱ्यांमध्ये," ती म्हणाली. "वाऱ्याच्या दिवशी ये. चादरी भरलेल्या असतात तेव्हा."

चिमणीतली फोटोवाली तेवढ्यातही जागी झाली. जुना कॅमेरा, तो दमानं उघडझाप करणार, वारं असलं तर सगळं पुसट येईल, असं तिनं सांगून टाकलं.

"चादरी हलू देत," आत्या म्हणाली. "मी हलणार नाही."

वारं आलं ते महिन्याच्या अगदी शेवटी शेवटी. मालकानं दोऱ्या उतरवायला माणूस सांगून ठेवला होता. त्याआधी एका सकाळी चिमणी कॅमेरा घेऊन हजर झाली, आणि मागोमाग नवरा, कारण कुणीतरी उचलायला लागतंच. आत्यानं नेहमीसारख्या भरभर चादरी टाकल्या, चिमटे लावले, रबरी बूट घातले, ओले हात पुसले आणि दोन दोऱ्यांच्या मधल्या वाटेत जाऊन उभी राहिली. कपडे कामाचेच होते. ठेवणीतले का नाही घातले, असं चिमणीनं विचारलं नाही.

आत्या काचेत मावेना. चिमणी मागे सरकली. अजून मागे. पाठीला इस्त्रीच्या खोलीचं दार लागलं, तसा तिनं कॅमेरा उचलून खोलीत नेला. तिथं इस्त्रीची टेबलं आडवी आली, ती तिनं बाजूला करायला सांगितली. मालक तणतणत आला. तापलेल्या इस्त्र्या, हॉस्पिटलचा माल, हा काय पोरखेळ चाललाय. चिमणी पायांच्या चवड्यांवर उभी राहून त्याला म्हणाली, मी तिला जागचं हलवणार नाही, तुमची भिंत मध्ये आली तर भिंतीला सरकायला सांगेन. मालकानं दाराबाहेर पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि मग स्वतःच एका टेबलाचं टोक धरलं. दुसरं टोक चिमणीच्या नवऱ्यानं धरलं. इस्त्रीवाल्या बायका भिंतीकडेला झाल्या.

चिमणी कोटात शिरली. काचेवर सगळं उलटं, वर ओली फरशी आणि तिच्यावर रोवलेले रबरी बूट, खाली आभाळ. आणि मध्ये आत्या, अजून वाकलेली. "मी तयार आहे," चिमणी म्हणाली. बाकी काही बोलली नाही, हनुवटीचं नाही, खांद्यांचं नाही.

मग आत्या ताठ होऊ लागली. आधी तिनं कमरेवर हात ठेवला. पाठ वर आली, थांबली, पुन्हा वर आली. दुखत होतं हे दिसत होतं. खांदे मागे गेले. कमरेवरचा हात खाली आला, आणि सगळ्यांत शेवटी मान. अंगणात सगळं काम थांबलं होतं. या बायकांनी तिच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलं होतं, तिच्याकडून दोरीवरची चादर काढून घेतली होती, डबा वाटून खाल्ला होता, पण तिला अशी कुणी पाहिली नव्हती. दोरी तिच्या कपाळाशी येते हे सगळ्यांना ठाऊक होतं. आज दोरी तिच्या हनुवटीशी आली.

"मला वाटायचं मी दोऱ्या हिच्या मापानं बांधल्यात," मालक हळूच म्हणाला.

वारं आलं आणि चादरी फुगल्या. दोन्हीकडून पांढरं कापड उसळत होतं, आणि मध्ये आत्या, चेहरा दोरीच्या वर, नजर सरळ कॅमेऱ्यात. वर नाही, खाली नाही. ती कुणासाठी वाकलेली नव्हती. कोटाच्या आत चिमणी रडत होती आणि काच तिला नीट दिसेना. तिनं नवऱ्याच्या कोटाच्या अस्तराला डोळे पुसले, काचेवरचं चित्र स्पष्ट करून घेतलं, फिल्म सरकवली आणि बटण दाबलं. आत्या हलली नाही. चिमणीनं दुसरी फिल्म घेतली, आणि पाठ दुखत असेल म्हणून विचारलं, थांबायचं का.

"काढ," आत्या म्हणाली. "आज मी उभी आहे."

होत्या तेवढ्या फिल्म संपल्या. मग आत्या सावकाश खाली आली, पुन्हा आपल्या नेहमीच्या उंचीला, आणि एका बाईनं तिला आपल्या बसायच्या जागेवर नेऊन बसवलं आणि तिच्या पाठीवर गरम टॉवेल ठेवला.

फोटो कोटवाल्या बाईंसारखा आला नाही. बाईंच्या फोटोत सगळं कसं रेखीव, जागच्या जागी असतं. इथं दोन्हीकडे नुसता पांढरा लोट, कुठं चादर संपते आणि कुठं वारं सुरू होतं कळू नये असा. त्यात एकच गोष्ट काळीपांढरी स्पष्ट, बुटांपासून केसांपर्यंत. चिमणीनं तो त्या जाडजूड पुस्तकाशेजारी ठेवून बघितला आणि नंतर पुस्तक मिटून टाकलं. बाईंना तो आवडला असता, असं तिला वाटलं. पण ती आता बाईंना विचारायला थांबली नव्हती.

आत्या स्टुडिओत आली ती पट्टा बांधून, काठी घेऊन. चिमणीनं काउंटरवर फोटो ठेवला. दुकानात गिऱ्हाइकं होती, नवरा कुणाच्या तरी लेकाचा चेहरा कपावर छापत होता. आत्यानं फोटो उचलला नाही. ती त्याच्यावर वाकून बघत राहिली, इतका वेळ की चिमणीनं पुसलेलं काउंटर पुन्हा पुसलं.

"दादाला दाखवायला हवा होता," आत्या म्हणाली. "तो वाईट नव्हता गं. मला कुणी हसेल म्हणून घाबरायचा. माझ्यापेक्षा जास्त तोच घाबरायचा." तिनं बोटानं फोटोतली दोरी दाखवली, मग दोरीच्या वरचा आपला चेहरा. "ही मी आहे होय?"

"तूच आहेस," चिमणी म्हणाली. आणि लगेच तिनं धंद्याचं विचारलं. केवढा मोठा करून देऊ. भिंतीवर नमुने लावलेले होते, टेबलावर ठेवायचा, भिंतीवर लावायचा, आणि नवराबायकोचा असतो तो सगळ्यांत मोठा. आत्यानं एकेकाकडे पाहिलं आणि मान हलवली.

"माझ्याएवढा कर," ती म्हणाली.

एवढा कागद येत नाही, चिमणीनं सांगितलं. मग जोडून कर, आत्या म्हणाली, घरी माझ्या अंथरुणावरची चादरही मी जोडूनच शिवते. नवऱ्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, जोडता येईल, मी जोडेन. पण नेमकं माप लागेल, आत्या.

आत्या शिंप्याला माप सांगताना थोडं चोरायची. डॉक्टरला सांगतानाही चोरायची, आणि ज्यांनी रस्त्यात थांबवून विचारलं त्यांना तर अर्धंच सांगायची. गिऱ्हाइकं आपापल्या पावत्या विसरून तिच्याकडे बघत होती. आत्यानं काठी काउंटरला टेकवून ठेवली आणि दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आपली उंची सांगितली, एक बोटही कमी न करता.